निवळ पाणी, निवळ थाप

कागद गिरणीच्या आवारात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. गिरणीच्या काळपट सांडपाण्याने भरलेली काचेची बरणी मधोमध ठेवलेली, आणि तिच्यासमोर निळा झगा घातलेले निळेबाबा डोळे मिटून उभे.

"मी पाण्याच्या कानात बोलतो. पाणी लाजतं आणि आपला काळिमा टाकून देतं!"

पाण्याला कान कुठे असतात, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. बाबांनी चहूकडे अत्तर शिंपडलं आणि बांबूच्या काठीने बरणी ढवळली. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग चक्क निवळलं. टाळ्यांचा कडकडाट!

मालकांना तर आनंदाने आभाळ ठेंगणं झालं. सांडपाणी साफ करायला टाकीत लोखंडी पट्ट्यांतून वीज सोडावी लागते, वर रसायनं घालावी लागतात. तो खर्च त्यांना कायम खुपायचा. आता टाकी उद्यापासून बंद, असं त्यांनी तिथेच जाहीर करून टाकलं.

"पहिला घोट कोण घेणार?" बाबांनी पेला भरला.

"मी!" पुढे झाल्या त्या गिरणीच्या केमिस्टबाईंच्या सासूबाई.

केमिस्टबाई मागून ओरडल्या. "आई, थांबा!"

"गप गं! गुडघे बरे होतील म्हणालेत बाबा."

केमिस्टबाई गर्दी रेटत पुढे आल्या आणि त्यांची नजर बाबांच्या बाहीवर पडली. निळ्या झग्यावर पांढरे ठिपके होते. तप वाढलं की अंगावर तारे उमटतात, अशी भक्तांची समजूत. तारे कसले डोंबलाचे! लगदा पांढरा करायच्या खात्यात प्रत्येकाच्या शर्टावर हेच डाग असतात. घरी त्या डागांवरून बायकोची बोलणी खायची आणि इथे येऊन त्याच डागांना हात जोडायचे. अकलेचे कांदे नुसते!

त्यांनी सासूबाईंच्या हातातला जांभळा सुती रुमाल ओढला आणि पेल्यात बुडवला.

"अगं माझा रुमाल!"

"थांबा जरा, आई."

रुमालाचं टोक हळूहळू फिकं पडलं, मग पांढरं झालं.

"रुमालाचं पाप धुतलं गेलं!" बाबा ओरडले.

"रुमालाने काय पाप केलं होतं हो?" कुणीतरी विचारलं आणि पहिल्यांदाच गर्दी हसली.

केमिस्टबाईंनी बाबांची काठी हिसकावली. आतून पोकळ, वर एक भोक, खाली एक बारीक भोक. आत उरलेलं द्रव हलत होतं. त्यांनी वरचं भोक अंगठ्याने दाबलं, थेंब पडेना. अंगठा उचलला, धार सुटली, आणि ब्लीचचा भपका अत्तरानेही दबेना.

"हा बाबांचा मंत्र. अंगठा!"

"आज माझं मौन आहे," बाबा घाईघाईने म्हणाले आणि फाटकाकडे सुटले.

मालक मात्र हट्टाला पेटले. "पण पाणी निवळलं ना?"

"रंग गेला, मालक, घाण तिथेच आहे. वर ब्लीचने क्लोरीनची नवी विषं तयार झाली. टाकीत विजेने लोखंड विरघळतं, ते घाणीला धरून खाली बसवतं. उरलेली आम्ही ऑक्सिडीकरणाच्या रसायनांनी तोडतो आणि मग तपासतो. एवढं करूनही ते पाणी मी कुणाला प्यायला देत नाही. आणि टाकी बंद केलीत, तर सगळी घाण नदीत जाईल. तिचंच पाणी गाव पितं."

"खुळ्यासारखं बोलू नका हो! पाणी स्वच्छ दिसतंय की!"

सासूबाईंनी पेला उचलला आणि मालकांच्या हातात ठेवला. "मग घ्या. पहिला घोट तुमचा."

मालकांनी पेल्याकडे पाहिलं. गर्दीने मालकांकडे पाहिलं. पेला काही ओठांपर्यंत गेला नाही.

"टाकी चालूच राहू दे," ते पुटपुटले.

सासूबाईंनी पांढरा पडलेला रुमाल पिळला. "पाणी कसलं निवळ, थाप निवळ होती."

लोकहो, पुढचा बाबा दुसऱ्या रंगाचा झगा घालून येईल. हात जोडायच्या आधी त्याची काठी उघडून बघा, आणि पहिला घोट त्यालाच पाजा.