हार्पची जागा

बाबा गेल्यावर त्यांचा सगळा पसारा ग्रंथालयाला द्यायचं आईनेच ठरवलं. उभा जन्म तिने त्याची धूळ झटकली होती: हार्पच्या स्वरलिपीची पुस्तकं, तबकड्या, कॅसेटी आणि टपालाने येणारी मासिकं. शेवटचं खोकं टेम्पोत चढल्यावर ग्रंथपालबाईंनी सहज विचारलं, "आणि त्यांचा हार्प?"

"हार्प कुठला? माणसाएवढं ते वाद्य, परवडायला नको? नुसतं ऐकलं नि वाचलं जन्मभर."

खिडकीजवळचा कोपरा मात्र बाबांनी हार्पसाठी अडवून ठेवला होता. आईला तिथे उजेडात शिलाई मशीन हवं होतं. त्यावरून कितीदा तरी वाजलं असेल. "तिथे हार्प येणार आहे, कितीदा सांगायचं?" एवढं बोलून बाबा मासिकात डोकं घालायचे आणि आई कपाळाला हात लावायची. मशीन बिचारं स्वयंपाकघरात ओट्याशेजारी अंग चोरून राहिलं.

संध्याकाळी मुलगा आला. रिकामी खोली बघून म्हणाला, "चला, आता तुझं मशीन खिडकीपाशी. बस निवांत शिवत."

आईने मान डोलावली. पण तो मशीन ओढत कोपऱ्यापर्यंत आला, तशी ती उठून मध्येच उभी राहिली.

"इथे नको."

"अगं, तुलाच तर हवं होतं ना?"

"तिथे हार्प येणार आहे," आई करवादली. "कितीदा सांगायचं?"