शेंदरी कपाट

पेंटरांना त्या गल्लीत नावाने कुणी हाक मारत नसे. पेंटर म्हटलं की तेच. पस्तीस वर्षं त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. किराणा, औषधं, चपला, केस कापायचं दुकान, जिकडे बघावं तिकडे त्यांच्या हातची अक्षरं. पट्टी न लावता सरळ रेघ ओढण्यात त्यांचा हातखंडा होता. म्हणून औषधवाल्याच्या नव्या पाटीवर शेवटचं अक्षर घसरून खाली गेलं आणि त्याने पाटी तशीच परत पाठवली, तेव्हा पेंटरांनी आधी शिडीला शिव्या घातल्या, मग चष्मेवाल्याला आणि शेवटी ब्रशला.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. उशांचे अभ्रे, पडदे, शाळेचे गणवेश. गल्लीसाठी ती शिवणकाकू. काकूंनी ती परत आलेली पाटी भिंतीला टेकवून ठेवली, लांबून पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. "काचबिंदू आहे. बराच आधीपासून असणार. कडेची नजर गेलीय, मधली शिल्लक आहे. गेलेली परत येत नाही. राहिलेली टिकवायची. थेंब चुकवायचे नाहीत आणि दर दोन महिन्यांनी दाखवायला यायचं."

"पण मला दिसतंय की," पेंटर म्हणाले.

"दिसतंय तोवरच यायचं असतं, काका."

निघताना काकूंनी विचारलं, "घरात काही करता येईल?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सामानाच्या कडा उठून दिसायला हव्यात. भिंत फिकी असेल तर दार गडद हवं. टेबल एका रंगाचं आणि त्याच्या कडेची धार दुसऱ्या रंगाची, म्हणजे ते ठेचकाळणार नाहीत.

एवढंच ऐकायची खोटी. काकूंना करण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. घरी येईपर्यंत त्यांनी मनात सगळं घर रंगवून टाकलं होतं.

रंग विकत आणायची गरजच नव्हती. पलंगाखाली, माळ्यावर, मोरीच्या वरच्या फळीवर पेंटरांचे डबे होते. प्रत्येक कामातून उरलेला थोडा थोडा रंग त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवला होता. काकू त्यावरून आयुष्यभर कटकट करत आल्या होत्या. आता त्यांनीच डबे एकेक करून खाली उतरवले, स्क्रूड्रायव्हरने झाकणं उचकटली आणि जमिनीवर ओळ लावली.

पहिलं स्टूल त्यांनी एकटीनेच रंगवलं. दोन दिवसांत रंगाचे पोपडे निघाले.

"पॉलिशपेपर मारला होतास का?" पेंटरांनी खुर्चीतून विचारलं.

"पुसून घेतलं होतं की चांगलं."

"पुसून!" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाटी परत आल्यापासून ते पहिल्यांदाच हसत होते. "अगं, स्टूल आहे ते, ताट नव्हे. आण इकडे. आधी जाडा पेपर, मग बारीक. भोकं असतील तिथे लांबीचा लगदा भर, वाळू दे, पुन्हा घास. मग प्रायमर. मग रंग, आणि तोही एकदम फासायचा नाही. दोन हात, पातळ."

"अहो, नोकरीला ठेवताय का मला?"

"ठेवली असती तर पहिल्याच दिवशी काढून टाकली असती."

मग रोजचंच ते झालं. सकाळची शिवणं उरकली की काकू कंबर कसून उभ्या राहायच्या आणि पेंटर खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. गल्लीच्या टोकाला एक भंगारवाला होता, सगळे त्याला भंगारमामा म्हणत. तीन पायांचं टेबल, दांडी निखळलेली खुर्ची, आरसा नसलेलं ड्रेसिंग टेबल असं जे जाळायला जाणार असेल ते तो काकूंना हाक मारून दाखवायचा. काकू चार पडदे शिवून द्यायच्या आणि टेबल उचलून आणायच्या. टेबलाला चौथा पाय लागला तो मोडक्या पलंगाचा. त्याला पिवळा रंग आणि काळी धार. स्टूल निळं झालं. दारांच्या चौकटी गडद तपकिरी झाल्या, जुन्या चादरीच्या पांढऱ्या पडद्यांना काकूंनी लाल किनार शिवली. कपांचे कानसुद्धा रंगवायला निघाल्या होत्या, तेव्हा पेंटर म्हणाले, "चहातून रंग प्यायला लावणार आहेस का मला?"

शेजारणी बघायला यायच्या आणि तोंडात बोटं घालायच्या. "काकू, हे आमच्या समोर फेकून दिलेलं तेच टेबल का हो?" पेंटरांची कॉलर ताठ व्हायची. छापील पाट्या आल्यापासून त्यांना फारसं कुणी विचारत नव्हतं. आता रोज संध्याकाळी काकू विचारायच्या, "कसं दिसतंय?" आणि ते मान तिरकी करून निरखायचे. "धार जरा हललीय. पण रंग बसलाय. मस्त बसलाय." काकूंचा जीव भांड्यात पडायचा.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. त्या आठवड्यात ड्रेसिंग टेबलाचा पहिला हात ओला होता. "पुढच्या आठवड्यात जाऊ," पेंटर म्हणाले, "मला काय, सगळं स्वच्छ दिसतंय. तुझा निळा निळाच दिसतोय ना मला?" काकूंनाही ते पटलं. रंग ओळखतायत, कुठे धडपडत नाहीत, मग घाई कसली? पुढच्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांची गर्दी झाली. त्यानंतरची तारीखही अशीच टळली. थेंब मात्र चालू होते, निदान काकूंना तसं वाटत होतं. बाटली पेंटरांच्या उशाशी असायची आणि ते स्वतःच घालायचे.

राहता राहिलं लोखंडी कपाट. लग्नापासूनचं, जागोजागी गंजलेलं. पेंटर म्हणाले, "याला शेंदरी दे. चपलांच्या दुकानाचा उरलाय माझ्याकडे. असा पेटेल की अंधारातसुद्धा सापडेल." काकूंनी तीन दिवस गंज घासला, बोटांची सालटं निघाली. करडा प्रायमर मारला. आणि शेंदरी डबा उघडला तर आत दगड. वरची साय फोडून टर्पेंटाईन ओतलं, काडीने ढवळलं, काही उपयोग झाला नाही. पेंटरांचा हिरमोड नको म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. भंगारमामाकडे कधी उरलासुरला डबा येतो तेव्हा बघू, असं म्हणून कपाट करडंच ठेवलं.

रविवारी लेक आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, महिन्यातून एकदा यायची. तिने घरभर फिरून कौतुक केलं, निळ्या स्टुलावर बसून बघितलं. पेंटरांना तर काय सांगू आणि काय नको असं झालं होतं.

"हे सगळं राहू दे," ते म्हणाले, "कपाट बघ तुझ्या आईचं. कसं पेटवलंय! शेंदरी म्हणजे शेंदरी. कालपासून नजर हटत नाहीये माझी."

लेक हसली. बाबांची जुनी खोडच होती, सरळ तोंड ठेवून थट्टा करायची. ती पुढे काही बोलणार तेवढ्यात तिने आईकडे पाहिलं. काकू हातातलं ताट तसंच धरून उभ्या होत्या. करड्या कपाटाकडे बघत.

"काय झालं? आवडलं नाही का?" पेंटरांनी विचारलं.

काकूंनी ताट खाली ठेवलं. "आवडलं हो तिला. दोन हात मारलेत मी."

"तेच म्हणतोय. एका हातात एवढी झळाळी येत नाही."

स्वयंपाकघरात लेकीने आईचा हात घट्ट धरला. "आई, बाबांना दिसत नाहीये. किती दिवसांपासून?"

काकू ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि मागे मागे जात राहिल्या. ड्रेसिंग टेबलाची धार हललीय म्हणाले होते. कुठली धार? त्यावर धार काढलीच नव्हती. तेव्हा वाटलं होतं, पिवळ्या टेबलाबद्दल बोलत असतील. पडद्याची किनार छान आहे म्हणाले ते हातात पडदा धरून. आणि कुठे धडपडत नाहीत ते, कारण खुर्चीतून उठतच नव्हते. खुर्ची ते मोरी, मोरी ते पलंग, तेही भिंतीच्या कडेकडेने. काय खरं पाहिलं होतं आणि काय नुसतं ऐकून बोलले होते, याचा काही थांगच लागेना.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डावा डोळा संपला होता. उजव्यात फक्त उजेड आणि अंधार यातला फरक उरला होता. "थेंब घालत होते ना?" त्यांनी विचारलं.

लेकीने पिशवीतून बाटली काढली. ती चार महिन्यांपूर्वीची होती आणि जवळजवळ भरलेली.

"डोळे झोंबायचे," पेंटर म्हणाले. "आणि घातल्यावर तासभर सगळं धूसर. त्या वेळातच ही विचारायची, कसं दिसतंय."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकूंना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त तारखा पाहिल्या, न पाळलेल्या, आणि कागद मिटला. "दोनदा आला असतात तर..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग पुढचं नेहमीचं, थेंब चालू ठेवा, दुखलं तर या.

घरी आल्यावर काकूंचा बांध फुटला. "सांगायचं नाही का मला? तोंड नव्हतं का तुम्हाला? मी आपली वेड्यासारखी रंगवतेय, आणि तुम्ही म्हणताय, मस्त बसलाय, मस्त बसलाय!"

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस."

"मग थांबले असते!"

"आणि मी दिवसभर काय केलं असतं?" पेंटर ओरडले. मग आवाज खाली आला. "पेपर कितव्या नंबरचा घ्यायचा, लांबी कधी भरायची, हे कुणीतरी विचारत होतं मला. मला वाटलं, अजून थोडे दिवस जाऊ देत."

काकू मशीनवर जाऊन बसल्या आणि एक शिवून झालेला अभ्रा उगाच उसवत राहिल्या.

तरी त्यांनी हार मानली नव्हती. रंग कामाचे नाहीत तर नसोत. त्यांनी टेबलाच्या कडांना कापडाच्या जाड पट्ट्या चिकटवल्या, मोरीच्या दाराला दोरीची गाठ बांधली, पलंगापासून दारापर्यंत भिंतीवर दोरी ताणली. "अहो, हात लावून बघा ना. ही गाठ म्हणजे मोरी." पेंटरांनी हात मांडीवरून उचलला नाही. चाचपडत जाणं त्यांना जमणारं नव्हतं. एकदा काकूंनी त्यांचा हात धरून गाठीवर नेला, तर त्यांनी तो झटकून टाकला. एकदा भंगारमामाने एक मोडकी आरामखुर्ची आणली. काकू मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "याला पेपर कितव्या नंबरचा लागेल हो? फार खडबडीत आहे."

"मला नाही माहीत," पेंटर म्हणाले.

त्यानंतर काकूंनी विचारलं नाही.

ते कशाला हात न लावता तसेच चालायचे, आणि पावलागणिक सामान आडवं येऊ लागलं. काळी धार होती, कापडाची पट्टी होती, तरी पेंटरांची नडगी त्या पिवळ्या टेबलावर आपटलीच, आणि आठवडाभराने निळ्या स्टुलावरून ते तोंडावर पडले. वरचा ओठ फुटला. लेक फोनवर म्हणाली, "आई, खोली मोकळी कर. तुम्हाला आता सामान नको, जागा हवी." काकू दोन दिवस घुटमळल्या. तिसऱ्या दिवशी भंगारमामाला निरोप दिला.

तो हातगाडी घेऊन आला. टेबल, स्टूल, ड्रेसिंग टेबल, आरामखुर्ची, सगळं एकावर एक चढलं. कपाट जड म्हणून राहिलं. "काकू, तुमच्या हाताला काय गुण आहे! एका दिवसात जाईल हे," मामा म्हणाला. कुणाला काय बोलावं हे त्याला कळत नव्हतं, पण मनाने चांगला होता.

पेंटर दाराशी बसले होते. गाडी समोरून जाताना त्यांनी हात पुढे केला आणि जे हाताला लागलं त्यावरून बोटं फिरवली.

"हे कुठलं?"

"स्टूल," काकू म्हणाल्या.

"कोणता रंग होता?"

इतक्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं होतं. काकूंनी सांगितलं, "निळा."

"असेल," ते म्हणाले, आणि हात मागे घेतला.

गाडी गेल्यावर काकूंनी खोली झाडली. जिथे जिथे रंगकाम झालं होतं तिथे फरशीवर ठिपके आणि पायांचे गोल उमटले होते. त्या ब्लेड घेऊन खाली बसल्या आणि एकेक खरवडू लागल्या.

"कसला आवाज आहे?" पेंटरांनी विचारलं.

"फरशीवर रंग सांडलाय, तो काढतेय."

"राहू दे. कोण बघणार आहे?"

काकूंचा हात थांबला. त्यांना वाटलं, भांडावं, म्हणावं की मी आहे ना बघायला. पण तेवढं बळ राहिलं नव्हतं. त्यांनी ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं, हात धुतले आणि खोलीच्या मधोमध, जिथे आता काहीच नव्हतं तिथे, थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. पेंटरांनी त्या कुठे आहेत हे विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.