नैवेद्याचं पान

शिवकन्या कम्प्युटरच्या मेमरीची पानं सांभाळते, हे ऐकून नांदूरघाटच्या बायांना हसू यायचं. पण खरंच होतं ते. मेमरीचे सारखे तुकडे पाडतात, त्यांनाच पानं म्हणतात. एकेका पानामागं त्याची माहिती ठेवणारी चिमुकली नोंद असते. पानं लाखांनी असतात, म्हणून नोंद जरा फुगली की बरीच मेमरी फुकट जाते.

त्या नोंदीत शिवकन्यानं दोन खुणा वाढवल्या होत्या. दुपारपर्यंत काम पाठवलं तरच ते प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत जाणार होतं, नाहीतर पुढच्या आवृत्तीची वाट बघायची. आणि पडद्यावर लाल अक्षरं: 'नोंद चौसष्ट बाईटपेक्षा मोठी. प्रोग्रॅम बनणार नाही.'

द्वादशीची सकाळ. तिच्या आईला, साखराबाईंना, एकादशी सोडायची होती.

"कावून तोंड पाडलं गं?"

"माय, ह्या यंत्रानं अडवलंय. चालवून बघायचं लांबच, बनवतानाच माप घेतंय."

"मग शहाणं हाय की! मीबी पंगतीआधी नैवेद्याचं पान वाढून बघते. तिथंच मावलं न्हाई तर पंगतीत काय मावनार?"

"तू त्याच्याच बाजूनं बोल!"

"उपाशी हाय मी, खरंच बोलनार. ऊठ, पान वाढ."

शिवकन्या वाढायला बसली, पण चित्त होतं पडद्यावर. मीठ एका कडेला, मग वरणाचा द्रोण, भाताची मूद, आणि लिंबाची फोड पार पलीकडे. पोळीला जागाच उरेना.

"देवाला पोळी हातात देनार का?" साखराबाई हसल्या.

शिवकन्यानं लिंबू उचलून मिठाशेजारी ठेवलं. पोळी अलगद बसली. तिचा हात तसाच थबकला.

नोंदीतही तिनं दोन खुणा लांबलांब ठेवल्या होत्या! प्रत्येकीच्या पुढचा मोठा आकडा ठरलेल्या जागेवरच सुरू व्हावा लागतो, म्हणून दोघींच्याही मागं रिकामी जागा सुटत होती.

"माय, आलेच!"

"अगं, हात तरी धू!"

तिनं खुणा शेजारीशेजारी मांडल्या आणि प्रोग्रॅम पुन्हा बनवायला लावला. लाल अक्षर एकही नाही. काम पाठवून ती नाचतच देवघरात आली.

"काय म्हनलं तुझं यंत्र?"

"काहीच न्हाई! मावलं की ते गप्प बसतं."

साखराबाईंनी पानाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटून हात जोडले.

"मग लई चांगलं झालं," त्या हळूच म्हणाल्या. "आपला देवबी जेवताना काही बोलत न्हाई."