आधी आबांचं खाचर

मी एक जुनं इरलं आहे. दोन कामट्या मोडल्यात, पाठ वाकली आहे, तरी बोलायची खोड काही जात नाही. मित्रांनो, ऐका थोडं.

भाजे गावच्या कोंडूने मला विणलं आणि त्याच्या बायकोने, भागूबाईने, पळसाची पानं लावली. आषाढात पाऊस आपल्या पाठीवर घ्यायचा आणि बाईला भातलावणी करू द्यायची, एवढंच माझं काम. "लय गुणाचं हाय माझं इरलं," असं ती म्हणायची. तेवढ्यावर मी कितीतरी पावसाळे काढले.

अंबाजी आबांचं एक खाचर ती दोघं अर्ध्या वाट्याने करायची. जेठात कणगी रिकामी झाली की खायला भातही आबांकडूनच आणायची. त्याला खावटी म्हणतात. ज्याने खावटी खाल्ली, त्याने आधी आबांची खाचरं लावून द्यायची, मग आपलं, अशी रीत.

इथेच सगळं नडायचं. आमचं रोप तयार, आणि आम्ही बारा दिवस आबांच्या चिखलात. तोवर रोप जून व्हायचं. जून रोपाला फुटवे कमी, म्हणून भात कमी, म्हणून पुन्हा खावटी. मला तर या फेऱ्याचा वीट आला होता.

एकदा भागूबाई बोललीच, "आबा, आमच्या खाचरात निम्मं भात तुमचंच हाय. रोप जून झालं तर तुमचंबी नुकसान न्हाई का?"

"आसंल. पन तू आली न्हाईस तर माझी धा खाचरं कोन लावील?"

पुढच्या जेठात तिने खावटी आणली नाही. नाचणीच्या पातळ पेजेवर दिवस काढले आणि वेळेवर आपलं खाचर लावलं. दीडपट भात झालं. आबांचा वाटाही वाढला. मला वाटलं, आता तरी शहाणपण येईल. कसलं काय!

झोडणी झाल्यावर आबा म्हणाले, "पीक झ्याक आलं, भागे. पन पुढल्या साली खाचर नवशा करील. त्यो खावटी नेतो."

कोंडू लोणावळ्याला बंगल्यांच्या बांधकामावर जाऊ लागला. मी कुडाला टांगलेलं.

आषाढात नवशाची बायको बाया आली. "इरलं देतीस का, भागूबाई? माझं फाटलं."

"ने. पन आधी आपलं खाचर लाव. रोप तयार हाय तुझं."

"कशी लावू? खावटी खाल्लीया."

भागूबाईने मला झटकून तिच्या हाती दिलं.

मित्रांनो, उद्या तुम्ही कुणाला जमीन कसायला द्याल, कुणाला अडीनडीला धान्य द्याल. जरूर द्या. पण त्याबदल्यात त्याचा लावणीचा दिवस मागू नका. माझी पानं दरसाल बदलता येतात, तो दिवस परत येत नाही. पलीकडे बायाचं रोप पिवळं पडू लागलं आहे, आणि आबांची अजून सहा खाचरं लावायची आहेत.