सात पाण्यांनी धुतलेली ज्वारी

"कोकिळा, ये कोकिळा! देख ना वं, मनी कोंबडी कशी करी ऱ्हायनी!"

शेजारच्या भागाबाईची हाक ऐकून कोकिळा राखेच्या हातांनीच अंगणात आली. तांबडी कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. तिने दोनदा पंख आपटले आणि आडवी झाली. चोचीपाशी ज्वारीचे चार दाणे पडले होते, फिकट गुलाबी.

कोकिळाच्या तोंडचं पाणी पळालं. ते दाणे सकाळी तिनेच टाकले होते.

आठवड्याचा बाजार कसा पुरवावा ते कोकिळाकडून शिकावं, असं पाचोऱ्याजवळच्या त्या गावात सगळी गल्ली म्हणायची. रविवारी भरीत, सोमवारी वांग्याच्या देठांची भाजी, पुढे भाजी संपली की बेसनाची पातोडी, डाळीचे फुणके, शनिवारी नुसती खिचडी. कोंड्याचा मांडा करावा तो हिनेच. खरं सांगायचं तर त्या कौतुकाची तिला चटकच लागली होती. त्यात या रविवारी नणंद चार पोरं घेऊन आली, दोन दिवस राहिली, आणि मंगळवारी पिठाचा डबा रिकामा झाला. भागाबाईकडे दोन वाट्या पीठ मागितलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं? पण गल्लीला पीठ देणारी बाई मागायला कशी जाणार!

माळ्यावर चाऱ्याच्या ज्वारीचं उरलेलं बियाणं होतं, किडीचं गुलाबी औषध चोळलेलं. कोकिळाने ते सात पाण्यांनी धुतलं. सातवं पाणी नितळ निघालं तेव्हा तिला बरं वाटलं. वर तरंगलेले दाणे तिने कोंबड्यांसाठी बाजूला काढले, बाकीची ज्वारी वाळवली आणि उडीद घालून कळण्याचं पीठ दळून आणलं. कळण्याची भाकरी काळपटच असते. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आज गुरुवार, सासूबाईंचा, तानुबाईंचा, उपास. कोकिळा स्वतः अजून जेवली नव्हती. पण दोन भाकऱ्या, तेल आणि ठेचा नववीतल्या लेकीच्या, दीपमालाच्या, डब्यात सकाळीच गेल्या होत्या. शाळेची मोठी सुट्टी दीडला व्हायची, आणि घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. घरातला एकुलता फोन नवऱ्याकडे, आणि नवरा कालपासून गाडी घेऊन भुसावळला.

ती धावत सुटली.

"कोठे चालनी वं?" भागाबाई मागून ओरडली.

कोकिळाचे पाय पळत होते, पण आपण जागेवरच आहोत असं तिला वाटत होतं. चपलेचा अंगठा तुटला, तिने चप्पल तिथेच टाकली. देवा, एवढी एक पोर. दुसरं काही मागत नाही. शाळेच्या फाटकापाशी ती पोचली आणि घंटा आधीच होऊन गेल्याचं तिला दिसलं. लिंबाखाली मुलींची पंगत बसली होती. दीपमालाचा डबा मधोमध उघडा होता, आणि त्यात जेमतेम अर्धी भाकरी उरली होती. कळण्याची भाकरी म्हटल्यावर सगळ्यांनीच तोडून घेतली होती.

"थुका! बठ्ठ्याजणी थुका ते!"

मुली घाबरून बघत राहिल्या. बाई धावत आल्या. "अहो ताई, काय झालं?"

"पाल..." कोकिळाच्या तोंडून निघालं. पाल पडली होती म्हटलं की झालं. कुणाच्याही घरात पडते पाल. पण दवाखान्यात पालीवर औषध देतील आणि पोरींच्या पोटात तर दुसरंच आहे.

"पाल नही पडनी, मॅडम," ती म्हणाली. मुली, बाई, शिपाई, सगळ्यांसमोर तिचा आवाज फाटला. "बियाण्यानी ज्वारी व्हती. औषध लायेल. मीच धुईसन दळी. मी दिन्ही."

मग बाईंनी रिक्षा बोलावली.

सरकारी दवाखान्यात पाच मुलींना संध्याकाळपर्यंत ठेवलं. दीपमालाला दोन उलट्या झाल्या, एकीला चक्कर आली. बाकीच्यांना काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर खरं सांगितलंत म्हणून नेमका इलाज करता आला. इतर मुलींच्या आयांनी मात्र कोकिळाकडे एकदाही पाहिलं नाही. जाताना एकीने तर तिला ऐकू जाईल असंच म्हटलं, "एवढा काय काटकसरना सोस!"

रविवारी तिने बाजारातून नवी ज्वारी आणली. गिरणीत स्वतः उभं राहून दळून घेतली. ऊन ऊन भाकरी आणि पालेभाजी दीपमालाच्या ताटात वाढली.

पोरगी ताटावर बसली, पण भाकरीला हात लावेना.

"काय व्हयनं वं? खाय ना."

दीपमालाने मान खालीच ठेवली. मग हळूच म्हणाली, "आई, पहिले तू खाय."

कोकिळाने मुलीच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. तो घशाखाली उतरेपर्यंत दीपमाला तिच्या तोंडाकडे बघत होती. मग तिने ताट पुढे ओढलं आणि जेवू लागली.