शिंपी आजोबांचा रविवार

"परीक्षेचं वर्ष आहे. आता रविवारची ती शिवणटिपण बंद," आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

मुलीने पुस्तकातून मान वर केली. "दोनच तास असतात गं. आणि आजोबा माझी वाट बघतात."

"त्यांची वाट बघायला त्यांचं घर आहे. तू गणिताकडे बघ."

वाचनालयाच्या माडीवर चित्रकलेच्या बाई दर रविवारी कार्यशाळा घेत. म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं जोडीने बसत, कापडाच्या तुकड्यांतून चित्रं करत. मुलीच्या जोडीला एक निवृत्त शिंपी होते. हात थरथरायचे, नजर अधू झालेली. ती सुईत दोरा ओवून द्यायची, ते टाके घालायचे. पहिले काही रविवार आजोबा हूं की चूं करत नव्हते. मग एकदा तिने नदीसाठी लाल कापड उचललं, तेव्हा ते हसले. "पूर आला की काय गं?" त्यानंतर दोघांची गट्टी जमली.

ती मोडायला आईचं एक वाक्य पुरलं. बँकेत दिवसभर खपून येणाऱ्या आईला मुलीच्या भल्यापलीकडे काही सुचत नव्हतं. आपणही बहुतेक तसेच असतो.

महिन्याभराने चित्रकलेच्या बाई बँकेत आल्या. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि मग आईच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "आजोबा येतात, पण कशाला हात लावत नाहीत. दुसरं कुणी शेजारी बसायला गेलं की म्हणतात, जागा धरलीय."

"मला वाईट वाटतं हो. पण त्यांना सून आहे, मुलगा आहे."

"आहेत ना. जेवायला वेळेवर हाक मारतात. बोलायला कुणी हाक मारत नाही. कार्यशाळा चित्रासाठी नाहीच, ताई. आपली कुणीतरी वाट बघतंय, एवढ्यासाठी ती माणसं जिने चढतात. तिला तासभर तरी पाठवा."

"परीक्षा झाली की नक्की पाठवते."

"तेवढा वेळ त्यांच्याकडे असेल का, ते मला सांगता येत नाही," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

परीक्षा झाली. दिलेला शब्द पाळायला आई स्वतः मुलीला घेऊन माडीवर गेली. आजोबा नव्हते. त्यांनी येणं केव्हाच सोडलं होतं. बाईंनी पत्ता दिला.

दार सुनेने उघडलं. "हल्ली बोलतच नाहीत. बघा, तुमच्याशी बोलले तर," असं म्हणत तिने आतली खोली दाखवली.

आजोबा पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसले होते. मुलगी समोर जाऊन गुडघ्यांवर बसली. "आजोबा, मी आलेय. आपली नदी अर्धीच राहिलीय."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ओशाळून म्हणाले, "कपडे टाकायला आलीस का, बाळ? मी आता काम घेत नाही."

मुलीने तोंड फिरवलं. आई दारातच उभी होती. तिचा पाय आत पडेना. आजोबा कधीतरी असेच विसरणार होते, असं तिने मनाला समजावून पाहिलं. पण एक गोष्ट काही केल्या पुसली जाईना. त्यांना सगळं आठवत होतं, तेव्हा ते रिकाम्या खुर्चीची राखण करत बसले होते. आणि ती खुर्ची आपण रिकामी केली होती.

जिन्यात मुलगी म्हणाली, "आई, मार्क चांगले पडतील मला." त्यात राग नव्हता. तो असता तर आईला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मायलेकी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागल्या. आजोबांनी त्यांना ओळखलं नाही.

पुढच्या वर्षी शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाला कार्यशाळेतून काढलं. आई तातडीने त्यांच्याकडे गेली आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या मुलीची परीक्षा झाली, म्हणून तुम्हाला हे सुचतंय," त्या म्हणाल्या.

आई उठून घरी आली.

वाचकहो, म्हाताऱ्या माणसांना आपण औषध देतो, जेवण देतो, आणि सोबत मात्र सवडीने देऊ म्हणतो. आपल्याला सवड होते तेव्हा ती घ्यायला ते माणूस उरलेलं नसतं. ज्यांच्या घरात असं माणूस अजून नावाने हाक मारतं, त्यांनी हे वाचणं इथेच थांबवावं आणि त्याच्याजवळ जाऊन बसावं.