जुलैत घेतलेलं माप

“मान वाकवू नकोस, व्हर्ना. बंदूक गालापाशी आली पाहिजे, गाल बंदुकीपाशी नाही,” दुकानदार वेंडेल म्हणाला.

व्हर्ना आत्याने मान सरळ केली. त्याबरोबर रायफलीचं तोंड खाली झुकलं, कारण दस्त्याचं, म्हणजे मागच्या लाकडी भागाचं, टोक तिच्या खांद्यात बसायच्या ऐवजी बाहेर दंडावर टेकलं होतं. वेंडेलच्या दुकानात खिळे आणि रंगाचे डबे ओलांडून गेलं की भिंतीला अकरा रायफली उभ्या असायच्या. त्यांतल्या नऊ तिने लावून पाहिल्या होत्या. प्रत्येकीचा दस्ता साडेतेरा इंचांच्या आसपास. आत्याची उंची बुटांसकट पाच फूट.

“मग ही घे,” म्हणत वेंडेलने दहावी काढली. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेली, बारा इंच दस्त्याची. आत्याने ती उचलली आणि तिचा उजवा अंगठा थेट नाकावर बसला.

माझे बाबा काउंटरला टेकून उभे होते. “व्हर्नी, हिच्याबरोबर रंगीत खडू फुकट देतात का विचार ना.”

“तुझ्या पहिल्या बंदुकीबरोबर अक्कल फुकट देत होते, लेस्टर. ती घ्यायची विसरलास तू,” आत्या म्हणाली आणि रायफल जागेवर ठेवली.

जून महिना होता. हरणांच्या शिकारीचा मोसम नोव्हेंबरअखेरच्या सोमवारी उघडणार होता. त्या सोमवारी आमच्या उत्तर पेनसिल्व्हेनियात शाळा बंद असतात आणि आत्या ज्या काचेच्या कारखान्यात काम करायची, तोही बंद असतो. चालू ठेवला तरी येणार कोण? आत्या एक्कावन्न वर्षांची होती आणि आजवर तिच्या मालकीची एकही बंदूक नव्हती. लहानपणी तिने आजोबांची चालवली, पुढे नवऱ्याची, आणि तो सोडून गेल्यावर बाबांची जुनी. सगळ्या लांब. नेम धरायचा तर तिला दस्ता काखेत दाबून मान पुढे काढावी लागे. तरी ती चांगली नेमबाज होती, हे बाबाही मान्य करायचे. फक्त ती समोर नसताना.

घाई होती ती आजोबांच्या जागेसाठी. आजोबा फेब्रुवारीत गेले. डोंगरातल्या त्यांच्या कॅम्पात, म्हणजे एका खोलीच्या लाकडी घरात, चार खाटा होत्या: आजोबांची, बाबांची, शेजारच्या ड्यूईची आणि त्याच्या भावाची, कार्लची. दाराशी आजोबांच्या अक्षरात नियम टांगलेला होता: ज्याची स्वतःची बंदूक आणि स्वतःचा परवाना, तो सभासद. उसन्या बंदुकीवर आलेला पाहुणा. एकोणीस मोसम आत्या तिथे चौघांसाठी रांधत होती आणि स्वयंपाकातून वेळ मिळाला तर बाबांची जुनी रायफल घेऊन तासभर झाडाखाली बसत होती. म्हणजे एकोणीस मोसम पाहुणी. आता आजोबांची खाट रिकामी होती. घरातल्या कोणी यंदा ती घेतली नाही, तर ड्यूईचा जावई घेणार होता. आजोबांची रायफल रीतीप्रमाणे थोरल्या मुलाला, बाबांना, मिळाली होती.

विकत घेण्याला दुसरा पर्याय होता हायरम काकांचा. ते सुतार. वर्षभर कपाटं आणि शवपेट्या करायचे आणि उन्हाळ्यात एखाददुसऱ्या रायफलीला दस्ता. त्यांच्याकडे एक जुनी रायफल आली होती. ट्रॅक्टरच्या चाकाखाली तिच्या दस्त्याचा चुरा झाला होता, पण नळी आणि आतली यंत्रणा शाबूत होती. त्यांच्या माळ्यावर अक्रोडाची एक फळी नऊ वर्षं वाळत पडली होती. या दोन्हींची मिळून आत्याच्या मापाची रायफल झाली असती.

मी त्या वर्षी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते आणि मला तक्ते करायची सवय लागली होती. मी एका कागदावर दोन रकाने आखले. विकत घेतलेली: आज मिळेल, कारखान्यात तपासून आलेली, बिघडली तर परत करता येईल, नको झाली तर विकता येईल. बांधलेली: केव्हा मिळेल सांगता येत नाही, हायरम काकांचं वय चौऱ्याहत्तर, जमली नाही तर परत कोणाला करणार, आणि दुसऱ्या कोणाच्या मापाची नसल्यामुळे विकली जाणार नाही.

आत्याने कामावरून येऊन बूट काढले आणि कागद वाचला. सव्वीस वर्षं ती उजेडाच्या पट्टीसमोर बसून सरकत्या पट्ट्यावरच्या बाटल्या तपासत होती. बुडबुडा, तडा, वाकडी मान. कागदसुद्धा ती त्याच नजरेने बघायची, उजेडाकडे धरून.

“हे शेवटचं विरुद्ध बाजूला घाल,” ती म्हणाली.

“कोणतं?”

“दुसऱ्या कोणाच्या मापाची नाही, ते. तू ते तोट्यात धरलंयस.”

“पण मोसमापर्यंत झाली नाही तर? खाट जाईल, आत्या.”

“जाईल.” तिने पाय चोळले. “ती पोरांची घेऊनही खाट मिळेल, मला माहीत आहे. नियमात बसेल. पण मग वीस वर्षं लेस्टर खडूंबद्दल विचारत राहील, आणि मी हसत राहीन. आत्तापर्यंत हसलेच की.” तिने कागदाची घडी घातली. “हायरमला फोन कर. सांग, बांधायची.”

माप हायरम काकांनी मलाच घ्यायला सांगितलं, कारण आत्याच्या पाळ्या आणि त्यांच्या वेळा जुळेनात. कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत मोजायचं. जुलैतला रविवार होता, पस्तीस अंशांच्या वर ऊन. आत्या बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये ओट्यावर बसली होती. मी पोलादी पट्टीने तीनदा मोजलं, सरासरी काढली आणि हायरम काकांना कळवलं: पावणेतेरा इंच, फरक एक सोळांश इंचापेक्षा कमी.

“वा! शिकलेल्या पोरीचं माप,” ते म्हणाले. “मला पुन्हा बघायला नको.”

ऑगस्ट गेला. सप्टेंबरात बाबा रोज विचारायचे, “व्हर्नी, झाड लावलं का तुझ्या हायरमने?” आत्या म्हणायची, “लावलंय. तू मधे सावली धरून उभा आहेस, म्हणून वाढत नाहीये.” पण फोन वाजला की तिचा हात आधी पुढे जायचा.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रायफल झाली. जवसाच्या तेलाचे चौदा हात दिलेले, रंग काळ्या चहासारखा. आम्ही ती दगडांच्या खाणीत नेली. शंभर यार्डांवर कागद लावला. ऊन पडलं होतं. आत्याने जाकीट काढून गाडीवर टाकलं आणि फ्लॅनेलच्या शर्टात उभी राहिली. रायफल वर आली आणि मान न वाकता गालाशी थांबली. तीन गोळ्या. मी कागद आणला. तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली, मग दस्त्यावरून एकदा हात फिरवून म्हणाली, “हं.” हायरम काकांना तिने एक केक पाठवला. आमच्याकडे यापेक्षा मोठा गाजावाजा होत नाही.

कॅम्पात त्या वर्षी रांधायला मी गेले. जेवण दुपारनंतर असल्यामुळे सोमवारी पहाटे आत्याबरोबर बसायला मोकळी होते. उणे बारा अंश. आत्याने दोन स्वेटर घातले, त्यावर आजोबांचा जाड लोकरी कोट आणि वर शिकाऱ्यांना कायद्याने सक्तीचं असलेलं नारिंगी जाकीट. हेमलॉकच्या बुंध्याशी आम्ही पाठ टेकून बसलो. उजाडलं. खाली ओढ्याकाठी बर्फावर काहीतरी हललं आणि साठ पावलांवर एक नर उभा राहिला. आठ टोकांची शिंगं. त्याने मान खाली घातली.

आत्याने रायफल उचलली. दस्त्याचं टोक काखेपाशी कोटात अडकलं. तिने ते बाहेर काढून पुन्हा लावलं; ते घसरून दंडावर गेलं. मान पुढे काढायची, काखेत दाबायचं, हे सगळं तिला येत होतं, चाळीस वर्षं तेच तर केलं होतं. तिसऱ्यांदा तिने तेच केलं. तोवर हरणाने मान वर केली होती. पांढरी शेपटी झाडांमधून दोनदा दिसली आणि दिसेनाशी झाली.

गोळी सुटलीच नाही.

मी तिच्या खांद्याकडे बघत होते. लोकर, दोन स्वेटर, अस्तर, जाकीट. सगळं मिळून पाऊण इंच. पावणेतेरातून पाऊण गेलं की राहतात बारा.

“आत्या,” मी म्हटलं, “माप मी जुलैत घेतलं.”

“हो.”

“इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं की कोट घालून मोजायचं. मला कळलं नाही. आणि बारा इंच म्हणजे ती पोरांची…”

“ती पोरांची आज बरोबर बसली असती. मीही आत्ता तोच हिशोब करत होते.” तिने गोळी काढून खिशात टाकली. “तू इतकी वर्षं शिकत होतीस. मी कुठे होते? चाळीस वर्षं या थंडीत येतेय. ओट्यावर हात पुढे केला तेव्हा मला आठवायला काय झालं होतं?”

“मग विकतच घ्यायला हवी होती?”

ओढ्यावर बर्फ कडकडलं.

“लांब आहे, ती कापता येते,” ती म्हणाली. “आखूड असती तर काय केलं असतं?”

संध्याकाळी चौघं टेबलाभोवती बसले. मी हरणाच्या मांसाचा रस्सा वाढला. आत्याने काही लपवलं नाही. हरीण, कोट, काख, सगळं क्रमाने सांगितलं. मी मधे पडून माप माझं होतं असं सांगायला लागले, तर तिने हाताने थांबवलं. कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. बाबांनीसुद्धा फक्त पाव पुढे सरकवला.

आमच्या डोंगरात रीत आहे: ज्याच्या हातून हरीण सुटलं, त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून नाव आणि साल लिहून तुळईला ठोकायचं. त्या तुळईवर आजोबांचे तीन तुकडे होते, कार्लचे पाच, बाबांचे दोन, ड्यूईचे इतके की तो ते मोजू द्यायचा नाही.

आत्या उठली आणि शर्ट पँटमधून बाहेर काढला.

“अगं, राहू दे,” ड्यूई म्हणाला. “गोळी सुटली नाही, तर चुकली कुठे?”

“सुटलं ना हरीण?”

“तसं नाही, व्हर्ना. पहिलंच वर्ष तुझं. यंदा पाहुणी म्हणून धरू. पाहुण्यांचे शर्ट आपण कधी कापत नाही. पुढच्या वर्षी बंदूक नीट करून ये, मग खाटेचं बघू. माझा जावई थांबेल एक वर्ष, काही हरकत नाही.”

तो हे मनापासून, मायेने बोलत होता. कार्लने मान हलवली. बाबा दाराकडे, आजोबांच्या त्या नियमाच्या कागदाकडे बघत होते.

“ड्यूई,” आत्या म्हणाली, “पट्ट्यावरून तडा गेलेली बाटली माझ्यासमोरून पुढे गेली, तर मी ‘हातच लावला नाही, मग माझी चूक कुठे’ असं म्हणू शकते का? गेली ती गेली. लेस्टरच्या हातून असंच गेलं असतं, तर तू काय केलं असतंस?”

ड्यूई पावाचा तुकडा मोडत बसला.

“काय केलं असतंस?”

“शर्ट कापला असता,” बाबा म्हणाले. “आणि मार्चपर्यंत सगळ्या गावाला सांगत फिरला असता.” ते उठले. “कात्री कुठाय?”

तिघे कात्री शोधू लागले. चुलीमागे, फळीवर, औषधांच्या डब्यात. कार्लने तर खाटेखाली वाकून पाहिलं.

“चुलीच्या डावीकडचा दुसरा खण,” आत्या म्हणाली. “दोरीच्या खाली.”

तिने टेबलावर दोन्ही तळवे टेकले आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बाबा तिच्या मागे आले.

“किती कापू?”

“सगळ्यांचा कापतोस तितका.”

फ्लॅनेल जाड होतं. कात्री गंजलेली होती, कापडावर अडत होती, आणि बाबांना दर वेळी पातं सोडवून पुन्हा घालावं लागत होतं. उघड्या पाठीवर थंडी आली असणार, कारण तिच्या मानेवर काटा उभा राहिलेला मला दिसला. पण शेवटचा धागा तुटेपर्यंत ती सरळ उभी होती.